रंग काढायचा, प्लॅस्टिक नाही

प्लॅस्टिकच्या मॉडेलला रंग कसा लावायचा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ब्रश कुठला, एअरब्रशचं प्रेशर किती, आधी प्रायमर की नको, सगळं. पण लावलेला रंग काढायचा कसा, हा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं असतं, 'थिनर'. आणि हे उत्तर ऐकून जो माणूस सरळ रंगाच्या दुकानात जाऊन एनसी थिनरची बाटली आणतो, त्याच्या मॉडेलचं पुढे काय होतं हे सांगायला मला फार लांब जायला नको. गणपतीच्या मखराचं उदाहरण पुरेसं आहे.

महाराष्ट्रात २०१८ साली बंदी येण्याआधी मखरं थर्माकोलची असायची, हे आठवत असेलच. त्या थर्माकोलला स्प्रेचा सोनेरी रंग जवळून मारला की काय व्हायचं? खड्डे पडायचे. पांढरंशुभ्र कमान आतून वाळवी लागल्यासारखी बसायची. म्हणून शहाणी माणसं आधी फेव्हिकॉलचा नाहीतर डिस्टेंपरचा हात द्यायची. तर मंडळी, थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीन आणि विमानांची, रणगाड्यांची, गाड्यांची किट्स ज्याची बनतात तेही पॉलिस्टायरीनच, फक्त घट्ट. जे थर्माकोलला विरघळवतं, ते तुमच्या विमानालाही विरघळवणार. फरक एवढाच की विमानाला थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

किट चिकटवायचं सिमेंट हेसुद्धा खरं तर गोंद नाहीच. ते प्लॅस्टिकला दोन्ही बाजूंनी मऊ करतं, दोन तुकड्यांचा लगदा एकमेकांत मिसळतो, सॉल्व्हंट उडून जातं आणि सांधा एकजीव होतो. म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणं हा या छंदातला रोजचा उद्योग आहे. रंग काढताना मात्र नेमकं तेच टाळायचं असतं.

इथे थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, फर्स्ट इयरला जेवढी होती त्यापेक्षा कमीच आहे. कुठला पदार्थ कशात विरघळेल याचा अंदाज बांधायला जोएल हिल्डब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचा एक आकडा वापरतात. दोन पदार्थांचे आकडे जवळजवळ असले की ते एकमेकांत मिसळण्याची शक्यता जास्त. पॉलिस्टायरीनचा आकडा साधारण १८.५. टोल्युइनचा १८.२, म्हणजे जुळे भाऊच. ॲसिटोनचा २० च्या आसपास, म्हणजे तेही प्लॅस्टिकचा लगदा करायला पुरेसं जवळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात, त्याचा साडेतेवीस. साध्या अल्कोहोलचा २६. आणि पाण्याचा ४८ च्या घरात. आकडा काही सगळं सांगत नाही, पण दिशा बरोबर सांगतो. एनसी थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटेट, किटोन अशी सगळी टोळी असते. नेलपेंट काढायच्या बाटलीत बहुधा ॲसिटोन असतं. दोन्ही बाद. लोखंडी ग्रिलचा रंग काढायला जो पेंट रिमूव्हर मिळतो, त्यातलं डायक्लोरोमिथेन तर पॉलिस्टायरीनसाठी सिमेंटच आहे. शिवाय ते माणसालाही वाईट. अमेरिकेत घरगुती वापराच्या पेंट रिमूव्हरमधून २०१९ साली त्यावर बंदी घातली गेली. ते घरात आणूच नका.

मग चालतं काय? हे रंगावर अवलंबून आहे, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. आधी बाटली ठरवतात, मग रंगाचा विचार. खरं तर आधी रंग ओळखायला हवा.

पहिला प्रकार ॲक्रिलिक. मॉडेलवाल्यांच्या छोट्या बाटल्यांतला, किंवा स्टेशनरीच्या दुकानातल्या ट्यूबमधला. हा आयपीएनं सुटतो. तुकडा आयपीएमध्ये बुडवून ठेवायचा, तासाभरानं बघायचं, जुन्या टूथब्रशनं हलकेच घासायचं. २०२० नंतर आयपीए मिळणं सोपं झालंय. नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्ड पुसायला ते मिळतंच. हँड सॅनिटायझर मात्र वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि सगळं चिकट होऊन बसतं.

दुसरा प्रकार एनॅमल, म्हणजे ऑइल पेंटचा भाऊबंद. हा नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत जाळं विणतो. म्हणून ओला असताना टर्पेंटाईननं पुसला जातो, पण महिन्याभरानं टर्पेंटाईन त्याला ओळखही दाखवत नाही. यावर उपाय कॉस्टिक सोडा. एनॅमलच्या पोटात तेल असतं, आणि तेल अधिक कॉस्टिक सोडा म्हणजे काय? साबण! रंगाचा अक्षरशः साबण होतो आणि तो धुऊन निघतो. पॉलिस्टायरीनला सोड्याचं काहीच होत नाही. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम पुरे, रात्रभर ठेवायचं.

पण सोडा हे काही गमतीचं काम नाही. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, कारण मिश्रण बघता बघता तापतं आणि उसळतं. भांडं ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सोडतो. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिकही नको, तेसुद्धा हळूहळू झिजतं. जाड डब्याचं पॉलिप्रोपिलीन चालतं. हातात नायट्राइलचे मोजे, आणि डोळ्यांवर बंद गॉगल, नुसता चष्मा नाही. सोड्याचा थेंब डोळ्यात गेला तर तो आत आत जात राहतो. तसं झालंच तर नळाखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे पळायचं. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग करूच नका, एवढं मी स्पष्ट सांगतो.

तिसरा प्रकार लॅकर. हा आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, पण ते थिनर प्लॅस्टिकलाही चावतं. म्हणून बुडवून ठेवायचं नाही. आधी दाट आयपीए वापरून बघायचं, बरेचदा काम होतं.

याशिवाय दोन घरगुती उपाय फार ऐकू येतात. एक डेटॉल. ब्रिटनमधले मॉडेलवाले वर्षानुवर्षं वापरतात. आपल्याकडच्या बाटलीवर वाचा, क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के, आणि वर अल्कोहोल. ॲक्रिलिक त्यात मस्त सुटतं. फक्त लगेच पाण्याखाली धरू नका. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा चिकटा होतो. आधी नव्या डेटॉलनं पुसायचं, मग भांडी घासायचं लिक्विड, मग पाणी. दुसरा उपाय ब्रेक ऑइल. तेही चालतं, पण विषारी आहे, जास्त वेळ ठेवलं तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकतं, आणि वापरलेलं टाकायचं कुठे हा प्रश्न उरतोच. इतर उपाय असताना मला तरी त्याची गरज वाटत नाही.

इतकं झालं की सर्वसाधारण कामं भागतात. सेकंडहँड घेतलेला रणगाडा, फसलेला रंग, धूळ बसलेली गाडी. सगळं काढा, कोरं प्लॅस्टिक हातात घ्या, नव्यानं सुरू करा. खरी अडचण येते ती सगळं काढायचं नसतं तेव्हा.

माझी मावशी नाशिकला असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ओझरच्या विमान कारखान्यात होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. काका तिथे १९७८ ला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या एका सहकाऱ्यानं मॉस्कोहून मिग-२१ चं किट आणलं होतं, वीतभर लांबीचं. काकांनी ते जोडलं आणि त्याला रंग दिला चंदेरी. मॉडेलचे रंग तेव्हा आणायचे कुठून? खिडकीच्या ग्रिलला लावून उरलेला ॲल्युमिनियम पेंट होता, तोच लावला. पंखांवरची केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं ऑइल पेंटनं हातानं काढली. नाकाजवळ काळ्या रंगात नंबर टाकला.

पुढे २००४ साली माझ्या मावसभावानं, दादानं, नववीच्या मे महिन्याच्या सुट्टीत ते विमान हिरवं-तपकिरी करून टाकलं. कुठल्याशा पुस्तकात त्यानं १९७१ च्या युद्धातल्या मिगचे फोटो पाहिले होते. तसं बघितलं तर तो चुकला नव्हता. आपल्याकडची सुरुवातीची मिग-२१ चंदेरीच होती, आणि ७१ साली त्यांना स्क्वाड्रनच्या पातळीवर, मिळेल तसा, कॅमोफ्लाजचा रंग दिला गेला. एका स्क्वाड्रनचा दुसऱ्यासारखा नाही. दादानं स्टेशनरीच्या दुकानातलं ॲक्रिलिक घेतलं आणि जाड ब्रशनं फासलं. वर्तुळं गेली, नंबर गेला. काका काही बोलले नाहीत. विमान पुन्हा शोकेसमध्ये बसलं.

काका २०२३ मध्ये गेले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासूनची सेवा, बासष्ट वर्षं. मावशीनं तो कार्यक्रम टीव्हीवर पूर्ण बघितला, आणि संध्याकाळी मला फोन केला.

"अरे, तू ते खेळातल्या विमानांचं काय काय करतोस ना? यांच्या विमानाचा हा वरचा हिरवा रंग निघेल का?"

"निघेल गं मावशी. पण खालचाही निघेल कदाचित."

"खालचा नको काढू. खालचा यांनी दिलाय."

झालं. एका वाक्यात तिनं सगळी रिक्वायरमेंट सांगितली. आमच्या ऑफिसात यासाठी तीन मीटिंगा लागतात :)

आता यातली गोम बघा. वर ॲक्रिलिक, खाली ॲल्युमिनियम पेंट, त्याखाली पॉलिस्टायरीन. तीन थर, आणि मला फक्त पहिला हवाय. कॉस्टिक सोडा दोन कारणांनी बाद. एक, खालच्या ऑइल पेंटचा तो साबण करणार. दुसरं, त्या रंगातली चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे, आणि सोडा ॲल्युमिनियम खातो. विमान रात्रभर सोड्यात ठेवलं असतं तर सकाळी कोरं प्लॅस्टिक हातात आलं असतं, अगदी स्वच्छ. मावशीच्या दृष्टीनं मात्र विमानच संपलं असतं. पॉलिश पेपरनं घासणं बाद, कारण त्या जुन्या किटवर पत्र्याच्या जोडाच्या रेषा उठावाच्या होत्या, त्या सपाट झाल्या असत्या. शिवाय जुन्या ऑइल पेंटचं आणखी एक आहे. पिवळ्या, केशरी, हिरव्या छटांसाठी शिशाचं क्रोमेट सर्रास वापरायचे. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरपासून. काकांची वर्तुळं त्याच्या कितीतरी आधीची. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवणं म्हणजे ती धूळ आपणच खाणं. जे काही करायचं ते ओलं ठेवूनच.

उरलं आयपीए. ॲक्रिलिकला ते मऊ करतं, आणि चाळीसेक वर्षं मुरलेल्या ऑइल पेंटला थोड्या वेळात फारसं काही करत नाही. पण 'थोड्या वेळात' म्हणजे किती? इथे अंदाज चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा बदल मागे घेता येतो, रंगात रोलबॅक नाही. एकदा निघालेला रंग गेला.

म्हणून आधी चाचणी. त्याच्याही आधी फोटो, सगळ्या बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. हे कंटाळवाणं वाटतं पण सोडू नये. मग विमानाच्या पोटाखाली, शेपटीकडे, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे तीन ठिपके निवडले, तीन-तीन मिलिमीटरचे. पहिल्यावर साबणाचं पाणी. काहीच नाही. दुसऱ्यावर निम्मं आयपीए, निम्मं पाणी. मिनिटभरात हिरवा रंग मऊ झाला आणि दुधावरची साय निघावी तसा कापसावर आला. तिसऱ्यावर ९९ टक्क्यांचं आयपीए. रंग वीस सेकंदांत निघाला, पण दुसऱ्या बोळ्यावर फिकट राखाडी छटा दिसली.

ती राखाडी छटा हीच या सगळ्या कामातली मुख्य खूण. राखाडी म्हणजे ॲल्युमिनियमचे पापुद्रे. म्हणजे आपण दादाच्या रंगातून काकांच्या रंगात शिरलो. त्यामुळे दाट आयपीए बाद, निम्मं-निम्मं पक्कं.

पुढचे चार शनिवार-रविवार पद्धत एकच. दोन सेंटिमीटरचा चौकोन घ्यायचा. कापसाचा पातळ तुकडा मिश्रणात भिजवून, पिळून, त्यावर पसरायचा. चाळीस सेकंद. उचलायचा. मग इअरबड घासायचा नाही, लाटणं फिरवल्यासारखा गोल फिरवायचा. घासलं की मऊ झालेला रंग खालच्या रंगाला ओरबाडतो, फिरवला की तो उचलला जातो. संग्रहालयात जुनी चित्रं साफ करणारे तज्ज्ञ बोळा असाच फिरवतात. प्रत्येक इअरबड एकदाच, मग नवीन. लगेच साध्या पाण्याचा बोळा. बोळा हिरवा आला तर पुन्हा, पांढरा आला तर पुढचा चौकोन, राखाडी आला तर जिथे असाल तिथे थांबायचं, अगदी हिरवा ठिपका शिल्लक असला तरी.

कॉकपिटच्या काचेला आयपीए लावलंच नाही. ती काच म्हणजे पारदर्शक पॉलिस्टायरीन. जोडताना त्यात ताण राहिलेला असतो, आणि अल्कोहोल लागलं तर तिच्यात केसासारख्या भेगा येऊ शकतात. मग ती पुन्हा कधी स्वच्छ होत नाही. तिथे मास्किंग टेप लावली आणि चौकटीवर गेलेला हिरवा रंग पाण्यात भिजवलेल्या लाकडी टूथपिकनं हळूहळू खरवडला.

जागेचंही सांगतो. गॅलरीत बसायचं, वाऱ्याच्या तोंडाशी. आयपीए १२ अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. स्वयंपाकघरात गॅस आहे, देवघरात समई आहे. दोन्हींपासून लांब. वापरलेले बोळे उघड्या बशीत बाहेर वाळवून मग कचऱ्यात टाकायचे, बंद पिशवीत ओले कोंबायचे नाहीत.

दुसऱ्या शनिवारी डाव्या पंखावरचं वर्तुळ वर आलं. केशरी कडा थोडी वाकडी होती, जशी काकांनी काढली असेल तशीच. तिसऱ्या रविवारी नाकाजवळचा नंबर. त्याचा फोटो मावशीला पाठवला. तिनं लगेच फोन केला.

"सात बघितलास का?"

"काय सात?"

"सातला मधे आडवी रेघ आहे. हे सगळीकडे तसाच सात काढायचे. लाइटच्या बिलावर, दुधाच्या हिशोबात. ड्रॉइंगवर एक आणि सात एकसारखे दिसू नयेत म्हणून कारखान्यात सवय लागली होती."

मी परत बघितलं. दीड मिलिमीटरचा आकडा, त्यात केसाएवढी आडवी रेघ. रेघ काळ्या ऑइल पेंटची होती म्हणून टिकली. पाण्यातून सरकवून चिकटवायचं डेकल असतं तर अल्कोहोलनं त्याची शाई गेली असती. कदाचित म्हणूनच, डेकल असलेल्या मॉडेलवर ही पद्धत वापरायच्या आधी दहादा विचार करा.

शेपटीला मात्र काम अडलं. उभ्या शेपटीवर हिरवा रंग मऊच होईना, आणि जिथे झाला तिथे खाली चंदेरी नव्हतंच, सरळ प्लॅस्टिक. दादाला फोन लावला. तो बंगळुरूला असतो.

"शेपटीचं काय केलं होतंस रे दादा?"

"अरे, सुरुवात शेपटीपासून केली होती. पुस्तकात लिहिलं होतं आधी घासून घ्या, म्हणून पॉलिश पेपर मारला. मग कंटाळा आला, बाकीचं तसंच रंगवलं." जरा थांबून म्हणाला, "बाबांना विचारलंच नव्हतं मी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. काहीच बोलले नाहीत."

म्हणजे त्याच्या कंटाळ्यानंच बाकीचं विमान वाचलं होतं. घासलेल्या, खरखरीत प्लॅस्टिकमध्ये रंग रुतून बसतो, त्यामुळे शेपटीवरचा निघत नव्हता. दाट आयपीए वापरून तोही काढता आला असता. पण मग खाली काय? कोरं, ओरखडलेलं प्लॅस्टिक. त्यावर नवा चंदेरी रंग द्यावा लागला असता, आणि तो रंग माझा असता. रंगाच्या दुकानातला आजचा डबा, माझा ब्रश. लांबून बघणाऱ्याला फरक कळला नसता. पण मावशीनं 'चंदेरी करून दे' असं सांगितलंच नव्हतं. तिनं सांगितलं होतं की यांनी दिलेला रंग काढू नको. जिथे यांचा रंग नाहीच, तिथे माझा लावून तो यांचा असल्यासारखा दाखवणं मला बरोबर वाटेना. मी दोन्ही शक्यता तिच्यासमोर ठेवल्या.

ती म्हणाली, "शेपटी त्याची राहू दे."

तर आता ते विमान असं आहे. अंग चंदेरी, जरा मंद झालेलं, दोन-तीन ठिकाणी हिरव्या रंगाची सावली, कारण रंगाचा डाग खोल गेला की तो सावली ठेवतो. आणि उभी शेपटी हिरवी-तपकिरी. हवाई दलात असं विमान कधी उडालं नसेल. प्रदर्शनात नेलं तर परीक्षक पहिल्या फेरीतच बाजूला ठेवतील. दिवाळीनंतर दादा नाशिकला गेला तेव्हा मावशीनं ते शोकेसमधून काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं, असं ती सांगत होती. यापुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

तुमच्याकडे असं एखादं जुनं मॉडेल असेल तर थोडक्यात सांगतो. बाटली उघडायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. कुठल्या थरावर थांबायचंय, आणि तिथे पोचलो हे कळणार कशावरून. पहिल्याचं उत्तर घरच्यांना विचारा, दुसऱ्याचं कापसाच्या बोळ्याला. सगळंच काढायचं असेल तर काम सोपं आहे. वर दिलेल्या तीन प्रकारांतला आपला रंग कुठला ते ओळखा, लपलेल्या जागी ठिपका लावून बघा, आणि पुरेसा वेळ द्या. पाणी कोमट चालेल, कढत नको, प्लॅस्टिक वाकतं. सुपरग्लूनं चिकटवलेली चाकं, अँटेना वगैरे सुटून येतील, ती गाळणीत सापडतील अशी व्यवस्था ठेवा. शेवटी साबणानं धुऊन एक दिवस वाळू द्या, मगच नवा रंग.

आणि एनसी थिनरची बाटली घरात असेलच, तर तिच्यावर मार्करनं ठळक लिहून ठेवा, 'मॉडेलसाठी नाही'. घरातलं दुसरं कुणीतरी उत्साहानं मदत करायला येतं, ते नेहमी आपण घरी नसतानाच.

असो. पुढच्या शनिवारी कपाटातला एक रणगाडा काढायचाय. त्याच्यावर सुदैवानं एकच थर आहे.